अळीमिळी गुपचिळी

सकाळी सात-दहाला दाराची बेल वाजली की बायको पांघरुणातूनच म्हणते, "जा, तुझं बदलीखातं आलंय."

दारात अण्णा असतात. अंगात बाह्यांचा बनियन, खाली पायजमा, गळ्यात सुतळीने बांधलेलं भिंग आणि हातात अर्धा किलो आम्रखंडाचा रिकामा डबा. झाकणाला दाभणाने पाडलेली भोकं. वर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर जन्मभर चलनं भरून घेतलेल्या माणसाचं अक्षर : 'कोबी ७, मुळा २, एकूण ९ (अक्षरी नऊ).'

"स्कूटर काढ," अण्णा म्हणतात. "आणि मोजून घे."

"असू द्या हो अण्णा, तुम्ही मोजल्यात म्हणजे..."

"काउंटर सोडल्यावर तक्रार चालणार नाही. मोजून घे."

मग मी जिन्यात उभा राहून, दात घासायचा ब्रश तोंडात तसाच धरून, अळ्या मोजतो. अळ्या एका जागी बसत नाहीत. त्यामुळे कधी आठ भरतात, कधी दहा. अण्णा काही बोलत नाहीत. झाकण लावतात, डब्याला एक टिचकी मारतात आणि पुन्हा उघडतात. नऊ.

कोथरूडमधल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर अण्णांच्या बावीस कुंड्या आहेत. सहांत कोबी, चारांत वांगी, तीनांत टोमॅटो, दोनांत मुळा, दोनांत मका, दोनांत दोडका, एकीत अळू, एकीत लिंबू. उरलेल्या एकीचं पुढे सांगतो. एवढ्या बागेतून दोन माणसांची आठवड्याची भाजीही निघत नाही, हे काकूंचं म्हणणं. अण्णांचं म्हणणं असं, की बाग नफ्यासाठी नसते. नफ्यासाठी नसलेल्या गोष्टीचा हिशेब मात्र ते रोज लिहितात.

अण्णा बँकेत होते. छत्तीस वर्षं, त्यातली बहुतेक कॅश काउंटरवर. ३१ ऑक्टोबर २०१६ ला निवृत्त झाले आणि आठव्या दिवशी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. या आठ दिवसांचं श्रेय अण्णा स्वतःकडे घेतात. मागे राहिलेले सहकारी रात्री अकरापर्यंत नोटा मोजत होते तेव्हा अण्णा गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. पण छत्तीस वर्षं मोजायची सवय लागलेल्या बोटांना मोजायला काहीतरी लागतंच. त्या हिवाळ्यात त्यांनी कोबी लावली. कोबीने पुढची सोय केली.

इथे वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. अण्णा जैन नाहीत, माळकरी नाहीत, गांधीवादीही नाहीत. दर रविवारी अंडाभुर्जी खातात, आणि काकूंनी एकाऐवजी दोन अंडी घातली का, हे कढईत डोकावून बघतात. संध्याकाळी डास मारायची ती विजेची रॅकेट घेऊन गॅलरीत उभे राहतात. डास तडकला की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, डासही जीवच की."

"डासाचं खातं वेगळं," अण्णा म्हणाले. "डास माझं रक्त पितो. अळी निदान शाकाहारी आहे."

मग अळीवरच एवढी माया का? याचं उत्तर त्यांनी मला एकदाच दिलं, तेही दिवाळीचा फराळ पोटात गेल्यावर. पहिल्याच वर्षी टोमॅटोच्या पानावर त्यांना एक जाडजूड हिरवी अळी सापडली. त्यांनी ती खाली पाडून चपलेने चिरडली. हिरवं पाणी निघालं. "कसं वाटलं सांगू? चांगली कोरी नोट फाडल्यासारखं वाटलं रे. मी कधी फाटकी नोटसुद्धा टाकून दिली नाही. वेगळी काढायची, गड्डी बांधायची, पुढे पाठवायची. रद्द करायची की नाही ते वरचे बघतील." त्या दिवसापासून अण्णांच्या बागेत अळी मरत नाही. तिची बदली होते.

तरी त्यांनी सरळ मार्ग करून पाहिले नाहीत असं नाही. मार्केटयार्डातल्या एका शेतीऔषधांच्या दुकानात मीच त्यांना नेलं होतं. दुकानदाराने विचारलं, "किती एकर?"

"बावीस कुंड्या."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. त्याने एक बाटली पुढे केली. अण्णांनी भिंग काढून लेबल वाचायला घेतलं. मागे चार शेतकरी खोळंबले. कीटकनाशकांच्या लेबलावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. अण्णांना किराणा मालावरचा हिरवा ठिपका माहीत. म्हणाले, "हे शाकाहारी दिसतंय."

"काका, हे कमी विषारी आहे."

"म्हणजे अळी कमी मरते?"

दुकानदार भला होता. त्याने बाटली ठेवून दिली आणि कामगंध सापळा काढला. पिवळी टोपी, खाली लांब पिशवी. आत मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग त्या वासावर येतो आणि पिशवीत अडकतो, असं त्याने समजावलं. अण्णांचे कान लाल झाले. "म्हणजे मादी नसतेच?" "नाही." "नुसता वास?" "हो." "ही फसवणूक झाली," अण्णा म्हणाले, आणि सापळा माझ्यापासूनही लांब सरकवला. मग पक्षीथांबे निघाले. इंग्रजी टी अक्षरासारखी काठी रोवायची, पक्षी येऊन बसतात, अळ्या टिपतात, खर्च शून्य. शेतात हा उपाय खरोखर चांगला चालतो. पण अण्णांनी त्याला एका शब्दात निकालात काढलं : "सुपारी." शेवटी त्या माणसाने ट्रायकोकार्डाचं नाव घेतलं. पट्टीवर चिकटवलेल्या अंड्यांतून चिमुकल्या गांधीलमाश्या निघतात, त्या पतंगाच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालतात, आणि अळी जन्मालाच येत नाही. याला मित्रकीटक म्हणतात, असंही तो म्हणाला.

"मित्र?" अण्णांनी चष्म्यावरून विचारलं. "कुणाचा?"

आम्ही निंबोळी पावडर घेऊन परत आलो.

निंबोळी अर्काचे पहिले पंधरा दिवस अण्णांच्या आयुष्यातले सुखाचे होते. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम पावडर रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा टाकून फवारायची. अर्काने अळी जागच्या जागी मरत नाही, तिचं खाणं थांबतं. अण्णांना हे फारच आवडलं. "उपोषण!" ते सगळ्यांना सांगत. "हृदयपरिवर्तन होतं तिचं." मग आमची आठवीतली कन्या कुठूनसं वाचून आली आणि तिने जिन्यातच जाहीर केलं, "अण्णाआजोबा, ते खाल्लं तर अळीला नीट कात टाकता येत नाही. अडकते ती. आणि मग मरतेच." अण्णा दोन दिवस गच्चीवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवं परिपत्रक निघालं : ज्या पानावर अळी आहे त्यावर फवारा नाही. रिकाम्या पानांवर आधीच मारायचा, म्हणजे पान कडू लागून पाहुणी दुसरीकडे जाईल. त्याला ते 'नोटीस लावणे' म्हणतात.

दशपर्णी अर्काबद्दल मी फार लिहिणार नाही. दहा प्रकारचा पाला, शेण आणि गोमूत्र यांचा महिनाभर पिंपात आंबवलेला तो काढा अण्णांनी पाण्याच्या टाकीजवळ ठेवला होता. बाविसाव्या दिवशी सोसायटीची तातडीची सभा झाली. इतिवृत्तात 'दुर्गंधी' हा शब्द सात वेळा आला, तो अण्णांनी मोजला.

तेव्हापासून सगळा कारभार हातानेच चालतो. आणि इथे मात्र मला अण्णांना मानावं लागतं. अळी हुडकण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. आपण अळी शोधतो, म्हणून आपल्याला ती दिसत नाही. ती पानाच्याच रंगाची असते. अण्णा लेंड्या शोधतात. रात्री कुंड्यांखालची फरशी झाडून लख्ख करायची. सकाळी काळे दाणे जिथे पडले असतील त्याच्या बरोबर वर बघायचं. दाणा मोहरीएवढा असेल तर अळी लहान, घाई नाही. मिऱ्याच्या दाण्याएवढा झाला की आजच उचलायला हवी, कारण अळी जन्मात जेवढं खाते त्यातलं बहुतेक शेवटच्या चार-पाच दिवसांत खाते. "रिटायरमेंटच्या आधी सगळे असेच," अण्णा म्हणतात. "एलटीसी, मेडिकल, सगळं वसूल."

उचलायला चार नंबरचा रंगाचा ब्रश. चिमटा वापरत नाहीत, अळीला दाब बसतो. कोबीवरची ती बारीक हिरवी अळी तर ब्रश लागताच वळवळत मागे सरकते आणि धागा सोडून खाली लोंबकळते. नवखा माणूस तिला पडली समजतो. अण्णा धागाच ब्रशावर गुंडाळून घेतात. हे करताना त्यांच्या उजव्या अंगठ्याला नोटा मोजायची रबरी टोपी असते. तिचा इथे काय उपयोग, हे मी विचारलेलं नाही.

काही अळ्या दिवसा सापडतच नाहीत, मातीत दडून बसतात. त्यांच्यासाठी रात्री साडेनऊची फेरी, कपाळाला विजेरी बांधून. पहिल्याच रात्री समोरच्या इमारतीतून चोर-चोर असा ओरडा झाला, आणि आमचा वॉचमन काठी घेऊन गच्चीवर धावला. वर अण्णा टोमॅटोपुढे गुडघे टेकून बसलेले. तेव्हापासून वॉचमनही त्यांना अदबीने विचारतो, "साहेब, आज किती धरल्या?" या निशाचर अळीचं कृषिखात्यातलं नाव 'तंबाखूवरील पाने खाणारी अळी'. अण्णांच्या बागेत तंबाखू नाही, ती टोमॅटोपासून कोबीपर्यंत मिळेल ते खाते. मी ही विसंगती दाखवली तर म्हणाले, "नावावर जाऊ नकोस. आमच्याकडे तक्रारनिवारण कक्षही होता." २०१८ साली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पोचल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अण्णा आपली दोन कुंड्यांतली मक्याची ताटं रोज दोनदा तपासू लागले. काकू म्हणाल्या, "अहो, लष्कर आहे ते. दोन कुंड्यांसाठी येणार नाही."

काकूंची पद्धत निराळी आहे. बाजारची कोबी असो की घरची, गड्डा चिरून मिठाच्या पाण्यात घालायचा. जे तरंगेल ते काढून टाकायचं आणि फोडणीला लागायचं. वांग्याच्या बाबतीत तर अण्णांचा इलाजच चालत नाही. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की थेट आत शिरते. बाहेर ब्रश घेऊन बसलेल्या माणसाशी तिचा संबंधच येत नाही. शेंडा मान टाकतो तेव्हा तेवढा कापून टाकायचा, एवढंच हाती उरतं. त्यामुळे भरल्या वांग्यांसाठी काकू वांग्याला चार चिरा देतात तेव्हा अण्णा पोथी ऐकायला बसल्यासारखे समोर बसतात. चौथ्या-पाचव्या वांग्याला काकू विळी थांबवून म्हणतात, "अहो, तुमचा माणूस आलाय."

बदल्यांचं तंत्र अण्णा चुका करत शिकले. पहिल्या महिन्यात त्यांनी कोबीवरच्या अळ्या सोसायटीच्या जास्वंदीवर नेऊन सोडल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तो अर्ध्या बेपत्ता, उरलेल्या सुकून गेलेल्या. जास्वंदीचं एक पान कुरतडलेलं नव्हतं. अळी म्हणजे शेळी नव्हे. बहुतेक अळ्यांची घराणी ठरलेली असतात. कोबीवालीला कोबी, मुळा, मोहरी याच भाऊबंदांत जेवण मिळतं. लिंबावरचीला लिंबू, कढीपत्ता, बेल. रुईवरची रुईच खाते, दुसरं ताट पुढे केलंत तर उपाशी मरते. अण्णांना हे फार लागलं. "पोस्टिंग दिलं, पण तिथे खानावळ आहे का ते पाहिलंच नाही," ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शाखाविस्तार हाती घेतला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट आहे. मालक परदेशात, वारस कोर्टात. तिथे एरंड आणि रुई आपोआप माजलेली होतीच. अण्णांनी पावसाळ्यानंतर काकूंच्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी मूठभर नेऊन शिंपडली, ती उगवलीही. कोबी-मुळ्यावरच्यांना मोहरी, रात्रपाळीवाल्यांना एरंड. गच्चीवरची ती उरलेली एक कुंडीसुद्धा मोहरीचीच. कोबीच्या मधोमध मोहरी लावली की पतंग आधी तिच्यावर बसतात, ही शेतकऱ्यांना दिली जाणारी जुनी शिफारस आहे. कृषिशास्त्रात तिला सापळा पीक म्हणतात. अण्णांना सापळा हा शब्द मंजूर नाही. कुंडीवर पाटी आहे : 'बुडीत कर्जासाठी तरतूद'.

मध्यंतरी त्यांना जाळीचा शोध लागला. फुलपाखराला पानावर बसूच दिलं नाही तर अंडं नाही, अंडं नाही तर अळी नाही, म्हणजे बदलीचा प्रश्नच नाही! विचार शंभर टक्के बरोबर. काकूंची माहेरून आलेली मच्छरदाणी सहा कोबींवर चढली. फक्त एक झालं. अंडी आधीच पानांच्या खाली घातलेली होती, ती तपासायचं राहून गेलं. आठ दिवसांनी पाहतात तो आत अळ्यांचा सुकाळ. बाहेर शिंपी आणि बुलबुल जाळीवर चोची आपटून परत जाताहेत, आत या निर्धास्त जेवताहेत. एवढी सुरक्षा मंत्र्यांनाही नसते. त्या आठवड्यात डब्यावर आकडा होता ६४, अक्षरी चौसष्ट, आणि मला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली. आता आधी एकेक पान उलटं करून भिंगातून तपासतात, मगच मच्छरदाणी. दोडक्यावर ती टाकता येत नाही. त्याला परागीकरणाला माश्या लागतात. एकदा टाकली होती, तेव्हा नरफुलातला पराग मादीफुलाला लावायचं काम ब्रशाने स्वतः करावं लागलं. ते अण्णांनी संध्याकाळी अंधार पडल्यावर, गच्चीचं दार लावून केलं.

लिंबाची गोष्ट सर्वांत नाजूक. लिंबावरची अळी लहानपणी अगदी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट, मधे पांढरा पट्टा. मोठी झाली की हिरवीगार. डिवचली की डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. काकू पहिल्यांदा किंचाळल्या होत्या. अण्णा मात्र तिच्यावर खूष : "बघ, युनियनवाली आहे." लिंबावरच्यांची बदली होत नाही, कारण प्लॉटवर लिंबू नाही. शिवाय एके दिवशी एक मोठं, काळं, निळी झाक मारणारं फुलपाखरू लिंबाभोवती घिरट्या घालून गेलं. ते ब्लू मॉरमॉन असावं, असं कन्येने सांगितलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं, असा दर्जा देणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. झालं. अण्णांनी लिंबाला राजशिष्टाचार लागू केला. पाच अळ्यांपर्यंत झाडाने सोसावं, असा ठराव झाला. काकू तेव्हापासून लोणच्याची लिंबं मंडईतून आणतात.

मागच्या मार्गशीर्षात कुंभारणीचं प्रकरण झालं. अण्णांच्या खिडकीच्या चौकटीवर एका कुंभारीण माशीने मातीचा गोल गाडगा बांधला आणि ती त्यात एकेक हिरवी अळी ओढून नेताना अण्णांनी पाहिलं. ते हरखून गेले. कीर्तनात ऐकलेला भ्रमर-कीटकाचा दृष्टांत प्रत्यक्ष घरात घडत होता. अळीला कोंडून ठेवतात, ती भ्रमराचं ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतःच भ्रमर होऊन बाहेर पडते. अण्णांनी आम्हा सगळ्यांना खिडकीपाशी बोलावून, आवाज खाली आणून, हे सांगितलं. कन्येने तोंड उघडलं. तिला खरं माहीत होतं : कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते, गाडग्यात आधीच स्वतःचं अंडं घालून ठेवलेलं असतं, आणि त्यातून निघालेलं पिल्लू त्या जिवंत, ताज्या अळ्या एकेक करून खातं. म्हणूनच बाहेर माशीच पडते.

काकूंनी मागून तिचा दंड दाबला. कन्येने तोंड मिटलं. निंबोळीच्या वेळचे ते दोन दिवस तिच्याही लक्षात होते.

त्या दिवशी आमच्या घराण्यात आणि अण्णांच्या घराण्यात जी अळीमिळी गुपचिळी सुरू झाली, ती प्लॉटपर्यंत पोचली. म्हणजे खरं तर प्लॉटपासूनच सुरू झाली होती. मीच ती कुणाला सांगितली नव्हती.

प्लॉटवर एक भारद्वाज असतो. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, पाय मोजून टाकत चालणारा. भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून अण्णा त्याला रोज हात जोडतात. मग डबा उघडून ब्रशाने एकेक अळी मोहरीच्या पानावर ठेवतात, "नीट राहा" असं काहीतरी पुटपुटतात, आणि स्कूटरवर माझ्या मागे येऊन बसतात. मी स्कूटर सुरू करतो. आरशात मला दिसतं : भारद्वाज एरंडाआडून दोन पावलं पुढे येतो. कुंपणावरच्या साळुंक्या खाली उतरतात. आम्ही कोपरा वळेपर्यंत मोहरीवर काही उरलेलं नसतं. पक्षी सकाळी सव्वासातला तिथे हजर का असतात, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पक्षीथांबे नकोत म्हणणाऱ्या माणसाने त्यांची रोजची पंगत मांडली होती, तीही सुटी न घेता, मोजून.

मी हे बोललो नाही. काकूंना गॅलरीतून प्लॉट दिसतो. त्याही बोलल्या नाहीत. कन्या शाळेच्या बसमधून पाहते. वॉचमनला तर सगळ्यांचं सगळंच माहीत असतं. पाच माणसांतली चार गप्प होती आणि पाचवा अंधारात आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग एक दिवस, डबा रिकामा करून मागे बसता बसता अण्णांनी हात लांब केला आणि माझ्या स्कूटरचा उजवा आरसा आत वळवला. आता त्यात फक्त माझा खांदा दिसत होता.

"वाऱ्याने हलला होता," ते म्हणाले. "चल."

सध्या अण्णा आणि काकू नाशिकला गेलेत, मुलीच्या बाळंतपणाला. दीड महिना. जाताना गच्चीची किल्ली, ब्रश, भिंग, डबा आणि रजिस्टर माझ्या ताब्यात दिलं, प्रत्येकाची सही घेऊन. रजिस्टरात रकाने आहेत : तारीख, कुंडी, आरंभीची शिल्लक, आवक, बदली, अखेरची शिल्लक. मेलेल्यांसाठी रकाना नाही. "कमी भरली तर?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, कॅश कमी भरली तर कॅशियर खिशातून घालतो. छत्तीस वर्षांत त्यांनी दोनदा घातली होती, एकदा पन्नास रुपये, एकदा पाचशे.

रोज रात्री नऊला फोन येतो. नातवाबद्दल एक वाक्य, मग "जुळलं का?"

मंगळवारी जुळलं नाही. लिंबावर सकाळी पाच होत्या, संध्याकाळी चार. सर्वांत मोठी हिरवी नाहीशी. पानं उलटी केली, फरशी पाहिली, अळूत शोधली, विजेरी बांधून शोधली. आठ पन्नास झाले. मी खाली आलो, आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावरची एक अळी ब्रशावर घेतली आणि वर जाऊन लिंबावर ठेवली. ती कढीपत्त्यावर आहे हे मला पंधरा दिवस माहीत होतं. का ठेवली होती ते बायकोने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फोन आला. "जुळलं," मी म्हणालो.

आज संध्याकाळी टाकीचा वॉल्व्ह बंद करायला गेलो तर पाइपाच्या मागे, कंबरेला रेशमाचा एक धागा बांधून टेकलेला, पाइपासारखाच करड्या रंगाचा कोष. कोषात जायची वेळ झाली की अळी झाड सोडून दूर चालत जाते, हे कन्येने आत्ता सांगितलं. म्हणजे ती मेली नव्हती. म्हणजे हिशेबात आता एक जादा आहे. बँकेत जादा निघालेली रक्कम सस्पेन्स खात्याला दाखवतात, एवढं अण्णांकडून ऐकलेलं आठवतं. पण रजिस्टरात तसा रकाना नाही, आणि रकाना पाडायचा तर मंगळवारचंही सांगावं लागेल.

पावणेनऊ वाजलेत.